एकाच आजारावर चार औषधे कशासाठी?



घरात आजोबांची केमो चालू असेल तर मूल विचारतंच, "एकाच आजाराला एवढी औषधं कशाला?" या प्रश्नाचे उत्तर मूत्रमार्गाच्या कर्करोगाच्या उदाहरणातून नीट सांगता येते.

मूत्रपिंडातून लघवी मूत्रवाहिनीमार्गे मूत्राशयात येते. या सगळ्या मार्गाला आतून एकच प्रकारचे अस्तर असते. बहुतेक वेळा कर्करोग या अस्तरातच सुरू होतो. तो दूर पसरला की फक्त ऑपरेशनने भागत नाही, औषध रक्तातून सगळीकडे पोहोचावे लागते.

१९८५ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी यासाठी चार औषधे एकत्र दिली: मेथोट्रेक्सेट, व्हिनब्लास्टिन, डॉक्सोरुबिसिन आणि सिसप्लॅटिन. मुलांना असे समजावता येईल. पेशीचे दोन भाग होणे म्हणजे एका वहीची हुबेहूब नक्कल करणे.

• मेथोट्रेक्सेट नक्कल करायला लागणारा कागदच मिळू देत नाही.
• डॉक्सोरुबिसिन पानांच्या मध्ये घुसून बसते.
• सिसप्लॅटिन पाने एकमेकांना चिकटवून टाकते.
• व्हिनब्लास्टिन दोन वह्या वेगळ्या करणारे दोरे तयार होऊ देत नाही.

एका औषधातून निसटलेली पेशी दुसऱ्यात सापडते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत फक्त सिसप्लॅटिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ८.२ महिने होते, तर चारही घेणाऱ्यांचे १२.५ महिने. फरक छोटा वाटेल, पण त्या घरासाठी हे चार महिने फार मोठे असतात.

मग दहा औषधे का देत नाहीत? कारण केस, तोंडाची त्वचा, अस्थिमज्जा इथल्या पेशीही भराभर वाढतात आणि औषधाचा मार त्यांनाही बसतो. म्हणून केस गळतात, तोंड येते, जंतुसंसर्ग लवकर होतो. सिसप्लॅटिन मूत्रपिंडालाही त्रास देते, म्हणून आधी रक्त तपासतात आणि भरपूर सलाईन देतात. २००० साली जेमसिटाबिन आणि सिसप्लॅटिन ही दोनच औषधे चारांच्या बरोबरीने वापरून पाहिली. आयुष्य जवळपास तेवढेच, त्रास मात्र बराच कमी! म्हणजे जास्त औषधे म्हणजे जास्त चांगले, असे नाही.

ही औषधे आली कुठून, हेही मुलांना आवडेल. व्हिनब्लास्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळाले. सिसप्लॅटिनचा गुण १९६५ साली अमेरिकेत रोझेनबर्ग यांच्या प्रयोगात दिसला. ते जंतूंवर विजेचा परिणाम पाहत होते, पण जंतूंचे विभाजन थांबवले ते प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेल्या द्रव्याने. मेथोट्रेक्सेटच्या शोधामागे आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे काम आहे.

पण सदाफुलीची पाने चावून कर्करोग बरा होत नाही. त्यातले द्रव्य विषारी आहे, किती पोटात गेले ते कळत नाही. मुलांना हे ठामपणे सांगा.

आणि पालकहो, एक गोष्ट लक्षात ठेवा. लघवीतून रक्त आले आणि दुखत नसेल, एकदाच आले असेल, तरी डॉक्टरांना दाखवा. तंबाखू आणि विडी-सिगारेट ओढणे हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण. आजार लवकर सापडला तर चार औषधांपर्यंत जायची वेळ बहुधा येत नाही.