पडद्यामागची आज्ञावली

प्रस्तावना

घरात आणलेली वस्तू बिघडली की आपण शेजाऱ्याला सांगतो, दुकानदाराशी चार शब्द बोलतो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. आपले म्हणणे नेमक्या भाषेत लिहून योग्य ठिकाणी पोहोचवणे ही सवय आपल्याकडे अजून रुजलेली नाही. दूरचित्रवाणीला जोडण्याच्या लहान उपकरणांविषयी ग्राहक काय म्हणतात, त्यांच्या तक्रारींमागे कोणती कारणे असतात आणि उपयोगी अभिप्राय कसा लिहावा, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. ‘आज्ञावली’ हा शब्द येथे सॉफ्टवेअर या अर्थी योजला आहे.

पाठ

तमिळनाडूतील तंजावर हे शहर मराठी वाचकाला परके नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांनी तेथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि ती 1855 पर्यंत टिकली. बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 साली कोरवलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो. दुसऱ्या सरफोजीराजांनी, म्हणजे 1798 ते 1832 या काळात राज्य करणाऱ्या विद्याव्यासंगी राजाने, तंजावरात देवनागरी मुद्रणाचा उपक्रम केला. तेथून 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या कथांचे मराठी पुस्तक छापून निघाले. कोरणारा आणि छापणारा कधीच काळाच्या पडद्याआड गेले. अक्षर मात्र जागेवर आहे. ते वाचण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

तंजावर आणि तमिळनाडूच्या इतर भागांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घरची बोली मराठी आणि बाहेरचा व्यवहार तमिळमध्ये, अशी रीत आहे. महाराष्ट्रातील मराठी त्यांच्या कानांवर येते ती मुख्यतः पडद्यावरून. तारेवरच्या वाहिन्यांत तमिळ कार्यक्रमांचे प्राबल्य असणे साहजिकच आहे. त्यामुळे आंतरजालावरून मराठी नाटक, कीर्तन किंवा मालिका दाखवणारे बोटभर लांबीचे उपकरण अशा घरात चैनीची वस्तू राहत नाही. घरातील वृद्ध माणसांचा दिवस त्यावर अवलंबून असतो. ते उपकरण एके दिवशी अचानक संथ झाले किंवा बंद पडले, तर होणारी अडचण पैशांत मोजण्यासारखी नसते.

अशा अडचणीचा अनुभव तमिळनाडूला मोठ्या प्रमाणावर आलेला आहे. राज्य शासनाने 2007 मध्ये ‘अरसू केबल टीव्ही महामंडळ’ स्थापन केले. ‘अरसू’ म्हणजे तमिळमध्ये शासन. महामंडळाची प्रक्षेपण केंद्रे आरंभी ज्या चार शहरांत उभारली गेली, त्यांत कोइम्बतूर, तिरुनेलवेली आणि वेल्लोर यांच्याबरोबर तंजावरही होते. पुढे 2011 मध्ये महिना 70 रुपयांत ही सेवा नव्याने सुरू झाली आणि 2017 पासून ग्राहकांना सेट टॉप बॉक्स विनामूल्य देण्यात आले. येथवर सारे ठीक होते. परंतु नोव्हेंबर 2022 मध्ये राज्यभरातील असंख्य घरांतील पडदे एकाएकी काळे झाले. पेट्या शाबूत होत्या, तारा शाबूत होत्या, वीजही होती. बिघाड होता तो पेट्यांना चालवणाऱ्या आज्ञावलीत, आणि ती पुरवणारी संस्था खासगी होती. महामंडळाला ग्राहकांची दिलगिरी व्यक्त करावी लागली. पेटी आपल्या घरात असली तरी तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते, हे त्या दिवसांत अनेकांना प्रथमच उमगले.

जुन्या काळच्या दूरचित्रवाणी संचात बिघाड झाला, तर कारागीर मागचे झाकण उघडून जळालेला भाग बदलत असे. आजच्या उपकरणात कारागिराने उघडावे असे फारसे काही नसते. त्याचे काम चालते ते आज्ञावलीवर. आणि ती आज्ञावली उत्पादक दूरवरून, आंतरजालामार्फत, वेळोवेळी बदलत असतो. या बदलाला ‘अपडेट’ म्हणतात. अपडेटमुळे सुरक्षिततेतील उणिवा दूर होतात आणि नवे कार्यक्रम चालू शकतात, हे खरे. परंतु ग्राहकांच्या तक्रारी ऐकल्या तर त्यांचा सूर बहुधा वेगळाच असतो. ‘घेतले तेव्हा चांगले होते, अपडेट आले आणि संथ झाले’, ‘मुखपृष्ठावर जाहिराती वाढल्या’, ‘रोजचे बटण जागेवरून हलले, आजोबांना ते सापडेना’, अशी वाक्ये पुनःपुन्हा कानी येतात.

या तक्रारींत तथ्य किती? काही अंशी माणसाची स्मृती भूतकाळाला उजळून दाखवते, हे मान्य करावे लागेल. पूर्वीचे संगणकही अडत आणि बंद पडत. तरीही तक्रारींना भक्कम आधार आहे. आज्ञावली जितक्या वेगाने संथ होत जाते, तितक्या वेगाने यंत्रे जलद होत नाहीत, असे निरीक्षण स्विस संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी 1995 मध्येच नोंदवले होते. स्वस्त उपकरणात स्मृती साधारणतः 1 जीबी आणि साठवण 8 जीबी एवढीच असते. नवी आज्ञावली नव्या, अधिक क्षमतेच्या उपकरणांचा विचार करून लिहिली जाते आणि जुन्या उपकरणावर तीच लादली जाते. लहान बैलगाडीत दरवर्षी थोडे अधिक ओझे भरत जावे, तसा हा प्रकार आहे. गाडी तीच, बैलही तेच. वेग मात्र मंदावतो आणि दोष बैलाला दिला जातो.

दुसरे कारण आर्थिक आहे. उपकरण एकदाच विकले जाते, परंतु त्याच्या आज्ञावलीची देखभाल वर्षानुवर्षे करावी लागते. ज्या वस्तूची किंमत कमी ठेवली, तिच्यावरील खर्च उत्पादकाला जाहिराती आणि मासिक वर्गणी यांतून भरून काढावासा वाटतो. जाहिराती प्रथम पडद्याच्या एका कोपऱ्यात येतात, मग अर्धा पडदा व्यापतात. शिवाय, पूर्वी तबकडीवर घालून विकलेली आज्ञावली परत बोलावणे कठीण असे, म्हणून ती विकण्यापूर्वी कसून तपासली जाई. आता चूक नंतर दुरुस्त करता येते, या भरवशावर अपुरी तपासलेली आज्ञावली ग्राहकाच्या घरी पाठवली जाते. परीक्षकाचे काम ग्राहकाकडे आले आणि त्याचा मोबदला मात्र कोणी देत नाही!

जगातील दोन उदाहरणे येथे पाहण्यासारखी आहेत. गूगल कंपनीचे ‘क्रोमकास्ट’ हे उपकरण भारतातही विकले जात होते. त्याची दुसरी आवृत्ती 2015 मध्ये आली. 9 मार्च 2025 रोजी जगभरातील या आवृत्तीची उपकरणे एकदम निकामी झाली. उपकरण अस्सल असल्याची ओळख पटवणारे एक अंकीय प्रमाणपत्र दहा वर्षांच्या मुदतीचे होते. ती मुदत संपली आणि ती वेळेत वाढवायची राहून गेली. काही दिवसांत कंपनीने दुरुस्ती पाठवली. दरम्यान उपकरण मूळ स्थितीत आणू नका, असे तिने ग्राहकांना सांगितले होते. ज्यांनी धीर सुटून आधीच तसे केले, त्यांना अधिक त्रास सोसावा लागला.

दुसरे उदाहरण घरात संगीत ऐकण्याची साधने बनवणाऱ्या सोनोस या अमेरिकी कंपनीचे. मे 2024 मध्ये तिने आपले नियंत्रक अ‍ॅप संपूर्ण नवे करून दिले. गजर लावणे, गाण्यांचा क्रम बदलणे यांसारख्या साध्या सोयी त्यातून गायब झाल्या होत्या. अंध ग्राहकांना तर ते वापरणेच दुष्कर झाले. ग्राहक गप्प बसले नाहीत. कोणती सोय गेली, कोणत्या दिवशी गेली, तिच्यावाचून काय अडते, हे त्यांनी तपशिलाने लिहिले. जुलै 2024 मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांनी पद सोडले. लिहिलेल्या शब्दाचे वजन किती असू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

पाठगत प्रश्न

1. नोव्हेंबर 2022 मध्ये तमिळनाडूत पेट्या शाबूत असूनही पडदे काळे का झाले?
2. ‘परीक्षकाचे काम ग्राहकाकडे आले’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

अभिप्राय कसा लिहावा?

आता भाषेकडे वळू. पुढील दोन अभिप्राय वाचा. दोन्ही या पाठासाठी रचलेले आहेत.

पहिला: ‘अत्यंत भिकार वस्तू. पैसे पाण्यात गेले. कोणीही घेऊ नये.’

दुसरा: ‘हे उपकरण मी चौदा महिने वापरत आहे. पहिले वर्षभर ते चांगले चालले. गेल्या महिन्यात अपडेट आल्यापासून सुरू होण्यास तीन मिनिटे लागतात आणि चित्रपट मध्येच थांबतो. दुसऱ्या आंतरजाल जोडणीवर लावून पाहिले, तरी तोच त्रास. ग्राहकसेवेला दोनदा कळवले. उपकरण मूळ स्थितीत आणा, एवढेच उत्तर मिळाले. तसे केल्यावरही फरक पडला नाही.’

पहिल्या अभिप्रायात राग आहे, पण त्यावरून वस्तूविषयी काहीच कळत नाही. दुसऱ्यात निंदेचे विशेषण शोधून सापडणार नाही, तरी वाचणाऱ्याचा निर्णय होतो. काळ, घटनाक्रम, करून पाहिलेले उपाय आणि मिळालेले उत्तर यांतून तो अभिप्राय उभा राहतो. दोष जोडणीचा नसून उपकरणाचा आहे, हे लेखकाने स्वतः पडताळून मग लिहिले आहे. उपकरणाचा नेमका क्रमांक आणि आज्ञावलीची आवृत्ती दिली असती, तर तो अधिक उपयोगी झाला असता. वस्तूचे गुणही प्रामाणिकपणे नोंदवावेत. त्यामुळे दोषांवर विश्वास बसतो.

वाचतानाही सावध असावे. स्तुतीने ओथंबलेले, एकाच साच्यातले अनेक अभिप्राय विकत घेतलेले असू शकतात. या अपप्रकाराला आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000:2022 हे मानक प्रसिद्ध केले. ते आरंभी ऐच्छिक ठेवण्यात आले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: उपकरण विकत घेतल्यावर आठवड्याभरात लिहिलेला अभिप्राय पेटीविषयी सांगतो, आज्ञावलीविषयी नव्हे. वर्ष-दोन वर्षांनी लिहिलेले अभिप्राय आधी शोधावेत.

अभिप्रायाने काम भागले नाही, तर कायद्याचा आधार आहे. पहिला ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा. त्याच्या जागी आलेला 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. पूर्वी विक्रेता जेथे असेल तेथील मंचाकडे धाव घ्यावी लागे. आता ग्राहक जेथे राहतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. तंजावरच्या गृहिणीने मुंबई किंवा बंगळूर गाठण्याचे कारण उरलेले नाही. वस्तूसाठी दिलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल, तर आयोगाचे शुल्क नसते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक 1915 वर सल्ला घेता येतो. पावती, पेटीवरचा क्रमांक आणि ग्राहकसेवेशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. उपकरणाची आज्ञावली उत्पादकाने किती वर्षे सांभाळावी? हमी एक वर्षाची असते आणि ग्राहकाची अपेक्षा सात-आठ वर्षांची. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून अशा उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षिततेचे अपडेट किमान किती काळ देणार, हे जाहीर करणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाने जून 2025 पासून स्मार्टफोनसाठी, विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याचा नियम केला. भारतात केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीच्या या विचारात सुट्या भागांइतकेच आज्ञावलीलाही स्थान मिळाले पाहिजे. उपकरण घेताना ‘अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील?’ असा प्रश्न दुकानदाराला विचारणारे ग्राहक आज थोडे आहेत. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर ते कंपनीकडून लेखी मागवता येते.

शब्दार्थ

आज्ञावली – यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांचा संच. प्राबल्य – अधिक जोर किंवा संख्या. शाबूत – न मोडलेले, सुस्थितीत. दुष्कर – करण्यास कठीण. ऐच्छिक – सक्तीचे नसलेले.

स्वाध्याय

1. तुमच्या घरातील एखाद्या उपकरणाविषयी शंभर शब्दांत अभिप्राय लिहा. त्यात ‘चांगले’, ‘वाईट’, ‘भिकार’, ‘उत्तम’ यांपैकी एकही शब्द वापरू नका.
2. तोच मजकूर कंपनीच्या ग्राहकसेवेला पाठवायच्या औपचारिक पत्रात बदला. मायना, विषय आणि सोबत जोडलेल्या कागदपत्रांची नोंद विसरू नका.
3. बैलगाडीचा दाखला जेथे आला आहे तो परिच्छेद पुन्हा वाचा. हाच आशय सांगण्यासाठी तुमच्या स्वतःच्या व्यवसायातील एखादा दाखला शोधा व तीन वाक्यांत लिहा.