आधी बोट, मग एक्सरे

अगं, पाय मुरगळलेला पेशंट व्हीलचेअरवरून कॅज्युअल्टीत आला की लगेच एक्सरेच्या चिठ्ठीसाठी धावू नकोस. आधी दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे कर. चांगला पाय शेजारी असला की सूज किती ते कळतं. घरून आंबेहळद-रक्तबोळाचा लेप थापून आले असतील, तर तो ओल्या गॉझने पुसून घे. खालची कातडी दिसायलाच हवी.

बाई असेल तर जोडवी-पैंजण तेव्हाच उतरव. सूज चढली की जोडवं रुततं. साबण लावून फिरवत काढ. अडलंच तर दोऱ्याचं एक टोक जोडव्याखालून मागे घे, उरलेला दोरा बोटाच्या टोकाकडे जवळजवळ गुंडाळ आणि मागचं टोक हळूहळू उलगड. जोडवं दोऱ्यावरून सरकत येतं. ‘सासूबाई काय म्हणतील’ असं म्हणाली, तर रुमालात बांधून तिच्याच हातात दे.

आता बोट. सूज दिसेल तिथे दाबत बसू नकोस, हाड चाचप. दोन्ही घोट्यांची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर लागतो तो उंचवटा. आणि आतल्या बाजूला, घोट्याच्या पुढे, नेव्हिक्युलर. यातलं एकही हाड दाबल्यावर दुखलं तर एक्सरे. पडल्या पडल्याही चार पावलं टाकता आली नव्हती आणि आत्ताही येत नाहीत, तरी एक्सरे. लंगडत टाकली तरी टाकली धरायची. कॅनडातल्या ऑटावाला डॉ. इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेला हा नियम आहे.

पण तो डोळे मिटून वापरायचा नाही. दारू प्यायलेल्याच्या ‘दुखत नाही’ला अर्थ नसतो. जुनी शुगर असलेल्याच्याही नाही. पालख्या पुण्यात नाना पेठ, भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा एखादे माउली पाय सुजवून येतील आणि ‘काही नाही, जरा चालून झालंय’ म्हणतील. तळवे बघ, बोटांच्या बेचक्या बघ, पाय गरम लागतो का ते बघ. हाड मोडूनही शुगरचा माणूस चालत येतो.

गाडीच्या चाकात टाच अडकलेलं पोर आलं, तर खरचटल्यासारखं दिसतंय म्हणून ड्रेसिंग करून वाटेला लावू नकोस. ती कातडी दोन-चार दिवसांनी काळी पडते. परांचीवरून पडलेल्या गवंड्याची टाच दुखत असेल, तर डॉक्टरांना सांगून पाठीचा कणाही तपासून घे. आणि ‘मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं झालं’ असं कुणी म्हणालं, तर पालथं झोपवून पोटरी दाब. पाऊल हललं नाही तर टाचेची शीर तुटलेली समज.

इंग्लंडात तपासून एक्सरे सांगणाऱ्या नर्स आहेत. आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे तो क्रिटिकल केअरचा. कॅज्युअल्टीतला घोटा अजून सीएमओंच्याच, म्हणजे कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांच्याच सहीने एक्सरेला जातो. म्हणून त्यांना ‘सर, पाय सुजलाय’ एवढंच सांगू नकोस. ‘बाहेरच्या घोट्याच्या मागच्या कडेला दुखतंय, चार पावलं टाकता येत नाहीत, बोटं गरम, नाडी लागते’ असं सांग, आणि केसपेपरवर वेळेसकट लिही.

घरी सोडताना क्रेप बँडेज कसं सोडायचं-बांधायचं ते नातेवाइकाकडूनच एकदा करून घे. तेल लावून चोळू नका, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका, हे दोनदा सांग. आणि आठवडाभरात पाय टेकवत नसेल तर परत या, हे कागदावर मराठीत लिहून दे.