ताप उतरला म्हणून बिनघोर राहू नका



पावसाळा लागला की मुरुडच्या वस्तीत घरोघर गुळवेलीचा काढा शिजतो. लहानपणी आम्हीही तो नाक दाबून प्यालो आहोत. त्याला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. पण गेल्या पावसाळ्यात एका घरी पाहिले ते सांगितलेच पाहिजे.

नऊ वर्षांची मुलगी. तीन दिवस सणकून ताप, डोळ्यांमागे ठणका. आजी गुळवेल आणि पपईच्या पानांचा रस देत होती. चौथ्या दिवशी ताप गेला. काढ्याचा गुण आला म्हणून शेजारीही पाला वाटला गेला. संध्याकाळी लेकराचे पोट दुखू लागले, उलट्या थांबेनात. लातूरला नेली म्हणून वाचली.

डेंगीचा ताप तिसऱ्या ते सातव्या दिवशी आपोआप उतरतो, काढा घ्या अगर घेऊ नका. धोका तिथूनच सुरू होतो. पुढच्या 24 ते 48 तासांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. पोटात जोराची कळ, सतत उलट्या, नाक-हिरड्यांतून रक्त, काळी शी, गार हातपाय, लघवी कमी, लेकरू मलूल: यातले एक जरी दिसले तरी 108 ला फोन करा. तापाला पॅरासिटामॉलच द्या, तेही वजन सांगून प्रमाण विचारून. अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन नको, रक्तस्राव वाढतो. पपईच्या रसाने प्लेटलेट थोड्या वाढल्याचे काही लहान अभ्यास आहेत. झिरपणे त्याने थांबते असे सिद्ध झालेले नाही.

गुळवेलही निर्धोक समजू नका. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालय म्हणाले, वेल ओळखण्यातच चूक झाली असावी. मग आपण बांधावरून तोडून आणतो ती कोणती, हे कोण सांगणार? औषधी नाही अशी एकही वनस्पती जीवकाला सापडली नाही, ही गोष्ट आपल्याकडे हौसेने सांगतात. तो तक्षशिलेला सात वर्षे शिकला होता, तेवढे मात्र राहून जाते.

2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आले. पाणी साठवल्यावाचून आपले भागत नाही, आणि डेंगीचा डास त्या साठ्यातच वाढतो. बॅरलवर घट्ट कापड बांधा. आठवड्यातून एक दिवस ते उपडे करून आतल्या कडा काथ्याने घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.