भुईमुगाचा शेतकरी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात प्लेन्स नावाचे एक लहानसे गाव आहे. तांबडी माती, कडक ऊन आणि भुईमुगाची शेते. १ ऑक्टोबर १९२४ रोजी येथे जिमी कार्टर यांचा जन्म झाला. लहानपणी ते उकडलेल्या शेंगा गावात विकत. त्यांचे सवंगडी म्हणजे शेतावरच्या कृष्णवर्णीय मजुरांची मुले. खेळताना कोणी रंग पाहत नसे. शाळा मात्र वेगवेगळ्या होत्या!

मोठेपणी जिमी आरमारात अधिकारी झाले. १९५३ साली वडील वारले. तेव्हा चांगली नोकरी सोडून ते शेती आणि शेंगांचे गोदाम सांभाळायला गावी आले. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. हाती जवळजवळ काहीच लागले नाही.

त्या काळी कृष्णवर्णीयांना समान हक्क मिळू नयेत म्हणून गोऱ्या लोकांनी एक संघटना काढली होती. तिचे सभासद होण्यास जिमींनी नकार दिला. काही गिऱ्हाइकांनी त्यांच्या गोदामाकडे पाठ फिरवली. जिमी बधले नाहीत.

१९६२ साली ते राज्याच्या सिनेटसाठी उभे राहिले. एका गावात ३३३ लोकांनी मतदान केले, पण पेटीत मते निघाली ४२०! मेलेल्या माणसांच्या नावानेही मते पडली होती. जिमी न्यायालयात गेले आणि अखेर निवडून आले.

खरी परीक्षा पुढेच होती. जिमी गावच्या चर्चमध्ये दर रविवारी धर्माचे पाठ शिकवत. १९६५ साली, कृष्णवर्णीयांना प्रार्थनेला येऊ द्यायचे नाही, असा ठराव तेथे आला. जिमींनी उभे राहून विरोध केला. मत मोजले, तेव्हा कार्टर कुटुंबाच्या बाजूने बाहेरचा एकच माणूस होता. बाकीचे काही विरुद्ध गेले आणि पुष्कळसे गप्प बसले.

१९७० साली ते गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. हे पद आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे असते. त्या प्रचारात वर्णभेदाची बाजू घेणाऱ्यांची मते मिळावीत म्हणून ते जपून बोलले. हे काही त्यांना शोभले नाही. मात्र जानेवारी १९७१ मध्ये शपथ घेताच, वर्णभेदाचे दिवस संपले, असे त्यांनी भर सभेत सांगितले. निम्मे मतदार नाराज झाले असतील! पुढे १९७७ ते १९८१ या काळात ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते.

पद गेल्यावर ते पुन्हा प्लेन्सला आले. आता ते मारानाथा चर्चमध्ये शिकवू लागले. तेथले गवतही ते स्वतः कापत. गरिबांसाठी घरे बांधायला ते हातात हातोडी घेऊन जात.

आपल्या मुंबईशीही या घराचे नाते आहे. त्यांच्या आई लिलियन परिचारिका होत्या. वयाच्या ६८ व्या वर्षी त्या विक्रोळीला आल्या आणि सुमारे दोन वर्षे त्यांनी रोग्यांची सेवा केली. २००६ साली जिमी स्वतः लोणावळ्याजवळच्या पाटण गावी आले. तेथे १०० घरे उभी राहत होती. ८२ वर्षांचे जिमी आणि त्यांच्या पत्नी रोझलिन इतर स्वयंसेवकांबरोबर बांधकामाला लागले.

२९ डिसेंबर २०२४ रोजी ते वारले. त्यांचे वय १०० वर्षांचे होते. प्लेन्समधले ते साधे घर त्यांनी १९६१ साली बांधले होते. शेवटपर्यंत ते तेथेच राहिले.