डोळ्याचा पांढरा भाग

इंदूरच्या रामबागेत माझे आजोळ. आजीला लहानपणी देवी आल्या, त्यात उजव्या डोळ्यात फूल पडले. तिने नेत्रदानाचा अर्ज भरला तेव्हा मामा हसत म्हणाले, "आई, तुझा तो खोटा पैसा कोण घेणार?" गेल्या वर्षी आजी गेली. नेत्रपेढीच्या माणसांनी मात्र दोन्ही डोळे नेले. त्या उजव्या डोळ्याचा उपयोग काय, हे शोधताना माझ्यासारख्या वाणिज्यच्या विद्यार्थ्याला थोडे शरीरशास्त्र वाचावे लागले.

आपण 'डोळा' म्हणतो, कन्नडमध्ये 'कण्णु' म्हणतात. पण दोन्हीकडे मनात येते ते बुबुळच. वास्तविक नेत्रगोलाच्या बाह्य आवरणाचा सुमारे पाच षष्ठांश भाग पांढरा असतो. हे श्वेतपटल. समोरचा उरलेला काचेसारखा भाग म्हणजे पारपटल. गंमत अशी की दोन्ही मुख्यतः कोलॅजन या एकाच प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असतात. पारपटलात तंतू सारख्या जाडीचे व शिस्तीत रचलेले, म्हणून प्रकाश आरपार जातो. श्वेतपटलात ते लहानमोठे आणि एकमेकांत गुंतलेले, म्हणून प्रकाश विखुरतो व पांढरे दिसते. एकाच सुताची मलमल आणि सतरंजी म्हणा ना! डोळा फिरवणारे सहा स्नायू याच सतरंजीला जोडलेले असतात. तिची जाडी मागे सुमारे 1 मि.मी., तर स्नायूंच्या जोडाशी जेमतेम 0.3 मि.मी. असते. (काविळीत हा भाग पिवळा दिसतो खरा, पण तो रंग बराचसा वरच्या पातळ पापुद्र्यातला असतो.)

आजीचे फूल होते पारपटलावर. श्वेतपटल शाबूत होते. पारपटल खास द्रावणात थंड ठेवले तरी फार तर दोन आठवडे टिकते. श्वेतपटलात जिवंत पेशींची गरज नसल्याने ते अल्कोहोलमध्ये कित्येक महिने ठेवता येते. काचबिंदूसाठी डोळ्यात नळी बसवतात, तिच्यावर त्याचे ठिगळ लावतात. संधिवाताने कुणाचे श्वेतपटल विरले, तर तेथेही तेच. मात्र त्यासाठी पूर्ण नेत्रगोल काढावा लागतो. पुष्कळदा केवळ पारपटलच काढून घेतात.

इंदूरात एम. के. इंटरनॅशनल आय बँकेसारख्या संस्था हे काम करतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत त्यांना बोलवावे. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर किंचित उंच करावे आणि पंखा बंद करावा. त्या रात्री पंखा मामांनीच बंद केला होता.