व्होल्टेज कमी, वेग जास्त

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे व्हिडिओ एडिट करतो. कॉम्प्युटर असेंबल करून घेतलेला आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम आणि खोक्यातून आलेलाच कूलर. सीझनमध्ये एक्स्पोर्टला फार वेळ जातो. ओव्हरक्लॉक कर, असं मित्र सांगतो. यापूर्वी मी बायोसमध्ये कधी शिरलेलो नाही. प्रोसेसर जळणार तर नाही ना? आणि आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. – एक वाचक, अकोला

उत्तर : जळण्याची भीती आधी दूर करू. तुमचा प्रोसेसर ९० अंशांना पोचला की स्वतःच वेग उतरवतो, आणि तरीही तापत राहिला तर मशीन बंद पडतं. नुसत्या उष्णतेने तो सहसा जळत नाही. त्याला खरा त्रास होतो तो जादा व्होल्टेजचा. हे नुकसान हळूहळू होतं. आतले सूक्ष्म ट्रान्झिस्टर आणि तारा झिजतात, मग काही महिन्यांनी, वर्षांनी तोच वेग पेलायला त्याला आणखी व्होल्टेज लागू लागतं. तापमान जास्त असेल तर ही झीज वेगाने होते.

म्हणून एक हिशेब नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, ४.२ गिगाहर्ट्‌झला १.२ व्होल्ट लागतात आणि ४.६ गाठण्यासाठी तुम्ही १.३५ व्होल्ट दिले. वेग वाढला साडेनऊ टक्के, वीज आणि उष्णता वाढली जवळपास ३९ टक्के. आता उलट करून बघा. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.२ वरून १.१ वर आणता आलं, तर उष्णता १६ टक्क्यांनी उतरते. अकोल्यात, खोक्यातल्या कूलरवर, तुमच्या कामाचा हा दुसरा रस्ता आहे.

तुमचा मित्र सांगतो त्या ओव्हरक्लॉकिंगलाही एके काळी मोठा अर्थ होता. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए घ्या. मदरबोर्डचा बस स्पीड ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा, आणि त्यातले कितीतरी जादा व्होल्टेजशिवाय पळायचे. कंपनी त्यांना त्यांच्या ताकदीपेक्षा कमी वेगाने विकत होती, म्हणून ते जमलं. आज ती शिल्लक कंपनीच वापरून टाकते. तुमचा ५६०० कागदावर ३.५ गिगाहर्ट्‌झचा आहे, पण तापमान आणि वीज पाहून तो आपोआप ४.४ पर्यंत जातो. सगळे सहा कोअर एक्स्पोर्टला जुंपले की त्याला ७६ वॉटची मर्यादा आड येते आणि वेग थोडा खाली येतो. व्होल्टेज कमी केलं, तर त्याच ७६ वॉटमध्ये तो जास्त वेगाने धावतो.

मात्र बायोसला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड किती दिसतो? ३२०० ची रॅम घेऊनही तिथे २१३३ किंवा २६६६ दिसत असेल, तर बायोसमधला एक्सएमपी प्रोफाइल चालूच केलेला नाही. हे फार ठिकाणी राहून जातं. ३२०० हा वेग तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे मान्य आहे, तो बिनधास्त चालू करा. दुसरं, ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, म्हणजे तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहेच. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग निवडलं आहे का? नसेल, तर त्या एका बदलाने जितका वेळ वाचेल तितका कुठल्याही ओव्हरक्लॉकिंगने वाचणार नाही. प्रोसेसरचा वेग पाच टक्के वाढला तर तासाभराच्या कामातली जेमतेम तीन मिनिटं वाचतात. कमी तापलेलं, कमी आवाज करणारं मशीन हा त्याहून मोठा फायदा मी मानतो.

आता प्रत्यक्ष काम. कूलरमधली धूळ ब्लोअरने काढा, तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून सिनेबेंच ही प्रोसेसरवर ताण टाकणारी चाचणी दहा मिनिटं चालवा आणि तापमान, वॉट, वेग वहीत लिहा. बायोसच्या प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह या मेनूमध्ये ॲडव्हान्स्ड निवडा. आत कर्व्ह ऑप्टिमायझर सापडेल, व्होल्टेज त्यातूनच कमी करायचं. तिथे ऑल कोअर्स, निगेटिव्ह आणि १० हा आकडा. बाकी कशालाही हात लावू नका. सेव्ह करा, विंडोज सुरू होऊ द्या, पुन्हा मोजा. ठीक चाललं तर काही दिवसांनी १५, मग २०. प्रत्येक चिपची कुवत वेगळी असते, त्यामुळे यूट्यूबवर कुणी ३० लावले म्हणून तुम्ही लावू नका.

चाचणीत बहुतेक नवखे इथेच फसतात. सिनेबेंच तासभर चाललं म्हणजे सेटिंग पक्कं, असं त्यांना वाटतं. कर्व्ह ऑप्टिमायझरचा दोष भर कामात सहसा दिसत नाही, कारण तेव्हा वेग उतरलेला असतो. तो उघडा पडतो हलक्या कामात, एकच कोअर ४.४ वर उडी मारतो तेव्हा. म्हणजे रात्रभर एक्स्पोर्ट नीट होतो आणि सकाळी ब्राउझर उघडताना मशीन रीस्टार्ट होतं. यासाठी कोअरसायकलर हे मोफत साधन एकेका कोअरला आळीपाळीने तपासतं, ते रात्रभर चालवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA) नावाची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, एकही नोंद दिसली, तर मशीन अडखळलं नसलं तरी पाच आकडे मागे या.

हा आग्रह तुमच्या धंद्यामुळे धरतो आहे. अस्थिर प्रोसेसर प्रत्येक वेळी बंदच पडतो असं नाही. कधी कधी तो गुपचूप चुकीचं गणित करतो आणि कॉपी होताना फाइल बिघडते. सप्तपदी पुन्हा शूट करता येत नाही. चाचणीचे दिवस संपेपर्यंत कॅमेऱ्याचं एकही कार्ड फॉरमॅट करू नका.

चाचणी एकदा मेमधल्या दुपारीही घ्या. खोलीचं तापमान २५ वरून ४० वर गेलं, की प्रोसेसरचं तापमानही साधारण तेवढंच, पंधराएक अंशांनी, वर सरकतं. डिसेंबरात ७५ अंशांवर निवांत चालणारं मशीन तेव्हा ९० ला टेकलेलं असतं.

मदरबोर्डचं एका क्लिकमध्ये ओव्हरक्लॉक करणारं बटण कृपा करून टाळा. तुमची नेमकी चिप किती व्होल्टेजवर चालेल हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून ते ढोबळपणे जास्तच देतं. आपोआप मिळणारं व्होल्टेज किती महागात पडतं ते २०२३ मध्ये दिसलं. काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, तेव्हा एएमडीने बायोस अपडेटद्वारे एसओसी व्होल्टेज १.३ वर रोखलं. पुढच्याच वर्षी इंटेलला १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरसाठी जादा व्होल्टेज आवरणारा मायक्रोकोड द्यावा लागला. वॉरंटीचंही सांगतो. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान तीत बसत नाही, आणि एएमडीच्या लेखी प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हही त्यातच येतं.

सेटिंगनंतर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. प्लग काढा, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत बसवा. बायोस मूळ सेटिंगवर येतं.

एवढं करूनही मेमध्ये तापमान ८५ च्या वर राहिलं, तर १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्या. त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, ते आधी मोजा. जुना कूलर काढताना सावध राहा, कारण पेस्ट वाळलेली असेल तर तुमच्या एएम४ सॉकेटमधून प्रोसेसर कूलरला चिकटून पिनांसकट उपटला जातो. मशीन दहा मिनिटं कामाला लावून पेस्ट गरम होऊ द्या. बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा, मग कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सुटा करा.