जुनी गीते, नवी ध्वनिमुद्रणे



दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत मातृभाषेला वाव दिला. त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थानही दिले. आज आपण मराठीत मिस्सा गातो, ही देवाची कृपाच. मात्र जुन्या लॅटिन चाली वडीलधाऱ्यांपाशीच राहिल्या, मुलांच्या कानी फारशा पडल्या नाहीत. त्यासाठी तीन ध्वनिमुद्रणे सुचवीत आहोत. ती गाणारे मठवासी आहेत. गायन ही त्यांची रोजची प्रार्थना आहे.

१) आगमनकाळ : ‘ॲडव्हेंट ॲट इफिसस’ (२०१२). अमेरिकेतील मिझुरी राज्यातील बेनेडिक्टाइन धर्मभगिनींचे गायन.

२) उपवासकाळ : ‘लेंट ॲट इफिसस’ (२०१४). याच धर्मभगिनींचे.

३) नोव्हेंबर, मृतांचा महिना : ‘चांट : म्युझिक फॉर पॅराडाइज’ (२००८). ऑस्ट्रियातील हायलिगेनक्रॉइझ मठातील सिस्टर्सियन बंधूंचे. पार्थिव चर्चबाहेर नेताना गायचे ‘इन पॅराडिझुम’ त्यात जरूर ऐका.

कसे ऐकावे? संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकच गीत निवडा. आधी त्याचा अर्थ मुलांना सांगा. मग शांतपणे दोनतीनदा ऐका, गुणगुणा आणि शेवटी सर्वांनी मिळून गा. घरात आजी-आजोबांना चाल ठाऊक असेल, तर त्यांनाच गुरू करा.

एक मात्र लक्षात ठेवू या. ध्वनिमुद्रण शिकण्यासाठी आहे. मिस्सामध्ये ते लावून आपण गप्प बसलो, तर उपयोग काय? देवाला आपला आवाज हवा आहे, मग तो बेसूर का असेना.